फळगळ, १५ पीपीएम आणि धुऱ्यापलीकडची पऱ्हाटी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑगस्ट सरता सरता काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या पट्ट्यातून संत्र्याच्या आंबिया बहाराच्या (जानेवारीच्या सुमारास फुलणाऱ्या) फळगळीच्या बातम्या येऊ लागतात. त्याच सुमारास कृषी केंद्रांच्या काउंटरवर ‘गळ थांबवणाऱ्या’ बाटल्या दिसू लागतात. शहरातल्या वाचकाला वाटते, संत्र्यावर हार्मोन मारले म्हणजे फळात विष उतरले. कास्तकाराला वाटते, हे एक टॉनिक आहे, थोडे जास्त पडले तर फळ थोडे जास्त टिकेल. दोघेही मात्रेचा हिशेब करत नाहीत, म्हणून हे पत्र.

फळ देठाला जिथे चिकटलेले असते तिथे पेशींचा एक नाजूक थर असतो. फळाकडून देठात ऑक्झिन हे संप्रेरक (हार्मोन) उतरत असेतोवर तो घट्ट राहतो. ते कमी पडून इथिलीन हे दुसरे संप्रेरक वरचढ झाले की थर सुटतो आणि फळ खाली येते. बाहेरून दिलेले २,४-डी हे ऑक्झिनचेच काम करते, तर जिबरेलिक ॲसिड या तिसऱ्या संप्रेरकामुळे फळाचा देठाकडचा भाग लवकर म्हातारा होत नाही. कृषी विद्यापीठाची विदर्भासाठीची शिफारस १०० लिटर पाण्यात यांपैकी कोणतेही एक १.५ ग्रॅम आणि जोडीला १ किलो युरिया अशी आहे. म्हणजे फक्त १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग). युरिया मात्र कमी बाययुरेटचा (युरियातला एक अपायकारक अंश) घ्यावा, नाहीतर पानांची टोके पिवळी पडतात आणि बोल संप्रेरकाला लागतो.

हे दीड ग्रॅम मोजायचे कसे? किराण्याच्या काट्यावर ते येत नाही, म्हणून चिमटीने नाहीतर झाकणाने काम भागवले जाते. त्यात जिबरेलिक ॲसिडची भुकटी पाण्यात नीट विरघळत नाही. थेट टाकीत टाकली की तळाशी बसते, काही झाडांना नुसते पाणी मिळते आणि काहींना सगळी पुडी. सोपा उपाय असा: ५ ग्रॅमची पुडी आधी १०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंवा ॲसिटोनमध्ये पूर्ण विरघळवावी. ही द्रवे पेट घेतात, त्यामुळे जवळपास विडी-काडी नको. मग सुई नसलेल्या सिरिंजने १०० लिटरला ३० मिली, किंवा पाठीवरच्या १५ लिटरच्या पंपाला साडेचार मिली घ्यावे. भुकटी ९० टक्क्यांच्या आसपास शुद्ध असेल तर हा हिशेब बरोबर बसतो. पाणी विम्लधर्मी असेल तर जिबरेलिक ॲसिड हळूहळू निकामी होते. बोअरचे पाणी जड असेल तर थोडे सायट्रिक ॲसिड टाकून सामू (पीएच) सहाच्या जवळ आणावा आणि केलेले द्रावण त्याच दिवशी संपवावे. बोर्डो मिश्रणाबरोबर (मोरचूद-चुन्याचे बुरशीनाशक) तर ते कधीच मिसळू नये.

टक्केवारीची दुसरी गंमतही सांगण्यासारखी आहे. बाजारात ०.००१ टक्के जिबरेलिक ॲसिडचे द्रावणही मिळते. हे प्रमाण म्हणजे १० पीपीएम. बाटली जशीच्या तशी, पाण्याचा थेंबही न घालता झाडावर ओतली तरी १५ पीपीएम होत नाही! ते द्रावण वेगळ्या पिकांसाठी आणि वेगळ्या कामासाठी नोंदलेले आहे. नाव तेच दिसते म्हणून पंपाला दोन झाकणे टाकणाऱ्याचे पैसे वाया जातात, आणि फळ गळतच राहिले की पुढच्या खेपेला तो २,४-डीकडे वळतो.

खरी भीती तिथेच आहे. २,४-डी दुकानात विकले जाते ते तणनाशक म्हणून. ५८ टक्क्यांच्या अमाइन क्षारातून दीड ग्रॅम हवे असेल तर १०० लिटरला जेमतेम अडीच मिली पुरते. दहा मिलीचे एक झाकण गेले की मात्रा चौपट. झाडावर नवती (नवी कोवळी फूट) असताना अशी फवारणी झाली की कोवळी पाने द्रोणासारखी वळतात, आणि ती पुन्हा सरळ होत नाहीत. धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, पऱ्हाटी (कपाशी) उभी असेल तर नुकसान शेजाऱ्याचेही होते. कपाशी २,४-डीला इतकी हळवी आहे की तणनाशकाच्या मात्रेचा शंभरावा हिस्सासुद्धा तिच्या नव्या पानांवर दिसतो. पाने रुंद न राहता बोटांसारखी चिरतात, शिरा समांतर धावतात, पात्या (फुलांच्या कळ्या) गळतात. टोमॅटो, वांगी, पपई, द्राक्ष यांचीही हीच गत. एस्टर प्रकारचे २,४-डी तर फवारा थांबल्यावरही उन्हात वाफ होऊन वाऱ्यावर सरकते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आपल्या जिल्ह्यात संत्र्याच्या वावराला लागून कपाशी नाही असे क्वचितच असते. त्यामुळे शेजारी पऱ्हाटी असेल तिथे जिबरेलिक ॲसिडच वापरावे, २,४-डीचे नाव काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिफारशीत ‘किंवा’ लिहिले आहे, त्याचा फायदा घ्यावा.

आता मुळावर येऊ. गळलेले प्रत्येक फळ संप्रेरकाच्या कमतरतेने गळालेले नसते. फवारणीआधी झाडाखालची वीस-पंचवीस फळे उचलून पाहावीत. सालीवर टाचणीएवढे छिद्र, भोवती तपकिरी खळगा आणि दाबले की रसाची चिळकांडी, असे असेल तर ते रस शोषणाऱ्या पतंगाचे काम. त्याच्या अळ्या धुऱ्यावरच्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात, म्हणून आधी त्या वेली काढाव्यात, गळलेली फळे खड्ड्यात पुरावीत आणि संध्याकाळी बागेत धूर करावा. जमिनीलगतच्या फांद्यांवरची फळे पावसानंतर तपकिरी आणि चामड्यासारखी होत असतील, त्यांना वास येत असेल तर ती फायटोप्थोरा बुरशी. देठाभोवती काळे पडून फळ सुटत असेल तर तीही बुरशीच. या तिन्ही गळींवर जिबरेलिक ॲसिड काडीचेही उपयोगाचे नाही. स्वच्छ साल, देठाकडून पिवळसर झालेले आणि अलगद सुटलेले फळ असेल तरच ती नैसर्गिक गळ समजावी.

तिथेही आधी पाणी पाहावे. काळ्या भारी जमिनीत चार दिवस पाणी तुंबले की मुळांना प्राणवायू मिळत नाही. अशा मुळांत इथिलीनचा कच्चा माल साठतो, तो वर पानांत पोचतो आणि तिथे इथिलीन बनते. म्हणजे जे फळ पाडते तेच झाड स्वतः तयार करत असते. अशा वेळी दोन ओळींमागे उताराच्या दिशेने फूटभर खोल चर काढल्याशिवाय वरून केलेली फवारणी म्हणजे फुटक्या माठात पाणी. दुसरे म्हणजे पाने. एका फळाला पोसायला साधारण ४० पाने लागतात. कोळशीने (पानांवर चढणारी काळी बुरशी) पाने काळी पडलेल्या झाडावर हजार फळे टिकवण्याचा हट्ट कोणतेही संप्रेरक पुरवू शकत नाही.

वेळही चुकते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फळ झाडावर राखून ठेवण्यासाठी जिबरेलिक ॲसिड मारले तर जानेवारीत आंबियाची फुले कमी येतात, कारण ते लिंबूवर्गात फुलांची कळी ठरण्याच्या क्रियेलाच अडवते. फुले येण्यासाठी पाणी तोडूनही झाडाला ताण बसत नसलेल्या भारी जमिनीत क्लोरमेक्वाट क्लोराइड लिटरला २ मिली फवारतात ते नेमके उलट कारणाने: ते झाडातले जिबरेलिन तयार होऊ देत नाही, पाना-फांद्यांची वाढ थांबते आणि फुलाला वाव मिळतो. ते फळ नसतानाच वापरायचे असते. २०१० मध्ये याच क्लोरमेक्वाटच्या अवशेषांमुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली होती, ते विसरू नये.

भाजीपाल्यात तर एकच पदार्थ मात्रेनुसार बाजू बदलतो. नॅप्थिल ॲसेटिक ॲसिड (हेही ऑक्झिनच) ४.५ टक्के साडेचार लिटर पाण्यात १ मिली घेतले की १० पीपीएम होते, आणि भिवापूरकडच्या मिरचीची फुलगळ त्याने कमी होते. तेच द्रव्य २००-३०० पीपीएमवर संत्र्यावर मारले तर उलट फळे पाडते, आणि परदेशात मँडरीनची विरळणी त्यानेच करतात. ऑक्झिन जास्त झाले की टोमॅटो टोकदार आणि आतून पोकळ निघतो. काकडी-दुधीला दोन ते चार पाने असताना इथेफॉन (झाडात इथिलीन सोडणारे रसायन) ३९ टक्के, १५ लिटरला सुमारे ६ मिली, म्हणजे १५० पीपीएम दिले की मादी फुले वाढतात. हे ऐकून कलिंगडावर कोणी मारू नये, कारण तिथे इथिलीन मादी फुले कमी करते. आणि दुधीला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देऊन फुगवतात, ही आपल्या स्वयंपाकघरांतली आवडती दंतकथा. ऑक्सिटोसिन हे प्राण्यांचे संप्रेरक आहे, वेलीला त्याचा उपयोग नाही.

ग्राहकांसाठी एवढेच: संत्रा तोडल्यावर आंब्यासारखा पिकत नाही. नागपूरच्या कळमना बाजारात ऑक्टोबरमध्ये येणारे आंबियाचे हिरवे फळ ५ ते १० पीपीएम इथिलीनच्या खोलीत दोन-तीन दिवस ठेवले की रंग बदलतो, गोडी वाढत नाही. अशा फळात धोका नसतो. धोका असतो तो कॅल्शियम कार्बाइडने पिकवलेल्या आंबा-केळीत, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. फळे पिकवण्यासाठी त्यावर बंदी आहे. इथिलीन वायूला १०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे.

शेवटी दुकानातल्या बाटलीबद्दल. जिबरेलिक ॲसिड, इथेफॉन, क्लोरमेक्वाट ही सारी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदलेली रसायने आहेत. त्यांच्या लेबलवर घटक, टक्केवारी, पीक आणि मात्रा छापलेली असते. ‘टॉनिक’ किंवा ‘जैव उत्तेजक’ म्हणून विकली जाणारी बाटली खत नियंत्रण आदेशाखाली येते आणि २०२१ च्या दुरुस्तीनुसार तिच्यात कोणतेही कीटकनाशक ०.०१ पीपीएमपेक्षा जास्त असता कामा नये. ज्या टॉनिकने आठ दिवसांत वेल दोन हात वाढतो, त्यात काय आहे हे लेबलवर लिहिलेले नसेल तर ते घेऊ नये. बिल पक्के, बॅच क्रमांकासह घ्यावे. शेजाऱ्याची पऱ्हाटी आकसली तर पंचनाम्याला तोच एक कागद उपयोगी पडतो.

तणनाशकाचा पंप संत्र्याला किंवा भाजीला वापरायचाच असेल तर तो नुसता विसळून चालत नाही. २,४-डी रबरी नळीत आणि वॉशरमध्ये मुरते. धुण्याच्या सोड्याचे पाणी भरून रात्रभर ठेवावे, सकाळी नोझल आणि जाळी काढून वेगळी धुवावी, मग दोनदा स्वच्छ पाणी फिरवावे. त्यापेक्षा तणनाशकाचा पंप वेगळा ठेवून त्यावर लाल रंगाचा पट्टा मारणे स्वस्त पडते.

आपला,
एक उद्यानविद्या अभ्यासक
नागपूर