काजूवरचा ढेकण्या शोधनिबंधांत सापडावा कसा?

माननीय संपादक,

काजूच्या कोवळ्या पालवीतला आणि मोहोरातला रस शोषणाऱ्या ज्या किडीला आपण ढेकण्या म्हणतो, तिला इंग्रजीत ‘टी मॉस्किटो बग’ असे नाव आहे. ही कीड डास नव्हे आणि आपल्याकडे तिचा चहाशीही काही संबंध नाही. दिसायला ती थोडीफार डासासारखी आहे आणि तिचे भाऊबंद चहाच्या मळ्यांत धुमाकूळ घालतात, एवढ्यावरून हे नाव रूढ झाले. शास्त्रज्ञ तिला हेलोपेल्टिस अँटोनिआय म्हणतात. एकाच किड्याची ही तीन नावे ठाऊक असणे आणि नसणे यांत केवढा फरक पडतो, हे मला गेल्या हंगामात कळले आणि त्यावरूनच हे पत्र लिहीत आहे.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित काजूबागेत नोव्हेंबरअखेरीस नवी पालवी टोकाकडून करपू लागली. देठावर आधी तपकिरी, मग काळपट पडलेले लांबट डाग होते आणि काही फांद्या तर विस्तवावर धरल्यासारख्या दिसत होत्या. मी तीस वर्षे उच्च माध्यमिक विद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले असल्यामुळे रोगाचा अंदाज आला. पण उपाय काय आणि तो कधी करावा, हे मूळ संशोधनात पाहावे म्हणून संगणकाशी बसलो. ‘ढेकण्या’ हा शब्द देवनागरीत घातला, तर हाती जवळपास काहीच लागले नाही. ‘टी मॉस्किटो’ घातल्यावर आसामातील चहाच्या मळ्यांची रांग लागली. शास्त्रीय नाव आणि त्याला जोडून ‘कॅश्यू’ असे दोन शब्द दिले, तेव्हा मात्र कर्नाटकातील पुत्तूरच्या काजू संशोधन संचालनालयापासून थेट परदेशापर्यंतचे निबंध समोर आले. त्यांतील एका जुन्या निबंधाखाली, त्याचा आधार पुढे कोणी कोणी घेतला याची यादी होती. ती धरून पुढे जाता जाता मी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातील काजूबागांत पोहोचलो. तेथे पाने शिवून घरटी करणाऱ्या मुंग्या झाडावर ठेवल्यास ढेकण्याच्या जातभाईंपासून झाडाचे रक्षण होते, असे संशोधकांना आढळले आहे. आम्ही ज्यांना हुमले म्हणतो आणि काजू काढताना चावतात म्हणून ज्यांची घरटी जाळतो, त्यांच्याच कुळातील या मुंग्या! हे वाचून मी बागेतील कामगाराला त्या दिवशी घरटी जाळण्यापासून थांबवले. (त्याचे मत माझ्याविषयी तेव्हापासून फारसे चांगले नाही.)

एका संदर्भावरून दुसऱ्याकडे जाण्याची ही सोय आज आपण गृहीत धरतो. पण १९६४ साली युजीन गारफिल्ड यांनी सायन्स सायटेशन इंडेक्स, म्हणजे कोणत्या निबंधाचा आधार कोणी घेतला याची सूची, छापून प्रसिद्ध करायला सुरुवात केली, तेव्हा ती जाडजूड खंडांच्या रूपात मोजक्या ग्रंथालयांतच होती. पुढे पबमेडने वैद्यकीय संशोधनाची सूची जगाला फुकट खुली केली, २००४ साली शोधनिबंध शोधून देणारे गुगल स्कॉलर आले आणि २०१५ साली अमेरिकेतील ॲलन इन्स्टिट्यूटने सिमँटिक स्कॉलर हे तसेच साधन सुरू केले. अख्ख्या निबंधाचा सारांश एका वाक्यात देण्याची सोय त्यावर २०२० पासून आहे. पूर्वीची साधने अक्षराला अक्षर जुळवून पाहत, तर आताची अनेक साधने वाक्याच्या अर्थाचे आकड्यांत रूपांतर करून अर्थाला अर्थ जुळवतात. त्यामुळे ‘काजूचा मोहोर का सुकतो’ असे साध्या इंग्रजीत विचारले, तरी मोहोराला ‘इन्फ्लोरेसन्स’ म्हणणारा निबंध सापडू शकतो. सामान्य जिज्ञासूच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे आणि ‘यंत्राने माणूस आळशी होतो’ असे म्हणून तिला नाक मुरडणाऱ्या माझ्या काही समवयस्कांशी मी सहमत नाही.

तरीही सारांशाविषयी मला सावधगिरीने लिहिले पाहिजे. याच ढेकण्यावरच्या उपायाविषयी एका साधनाला प्रश्न विचारला असता त्याने चार ओळींचे नीटनेटके उत्तर दिले आणि त्यात एंडोसल्फान या कीटकनाशकाची फवारणी परिणामकारक असल्याचे सांगितले. उत्तर अगदीच मनाचे नव्हते. जुन्या निबंधांत तसे लिहिलेले आहेच. परंतु केरळातील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या मळ्यांवर, याच किडीसाठी, वर्षानुवर्षे हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले, तेथील गावांनी आजार आणि व्यंगांच्या रूपाने त्याची काय किंमत मोजली हे सर्वांना ठाऊक आहे, आणि १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या उत्पादनावर, विक्रीवर व वापरावर देशभर बंदी घातली. सारांशात यातले काहीही नव्हते. ज्या निबंधाचा आधार अधिक लोकांनी घेतला तो वर दाखवायचा, हा अनेक साधनांचा शिरस्ता असतो, आणि आधार साठायला वर्षे लागत असल्यामुळे जुना निबंध साहजिकच वर येतो. प्राणिशास्त्राच्या शिक्षकाला हे खटकले. पण दुकानात जाऊन ‘हे औषध द्या’ म्हणणाऱ्या बागायतदाराला ते का खटकावे? सदोष ठरल्यामुळे मागे घेतलेल्या निबंधांचेही तसेच आहे. मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला, करोनासाठी वापरल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावरचा निबंध दोन आठवड्यांच्या आत मागे घेतला गेला, पण तोवर त्याचा डंका जगभर वाजला होता. निबंध मागे घेतला आहे की नाही, हे तपासण्याची खुली सूची आज उपलब्ध आहे. ती पाहण्याची सवय मात्र शिकवावी लागेल.

सापडलेला निबंध वाचता येईलच असेही नाही. निम्म्या वेळा सारांशापाशीच दार बंद होते आणि पुढे डॉलरमध्ये किंमत लिहिलेली असते. लेखकाने स्वतः कोठे मोफत प्रत ठेवली असेल तर ती शोधून देणारे अनपेवॉलसारखे साधन अशा वेळी उपयोगी पडते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ ही योजना मंजूर केली असून तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये खर्चून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना खुली केली जात आहेत. योजना स्तुत्य आहे; परंतु तिचा लाभ त्या संस्थांतील विद्यार्थी, प्राध्यापक व संशोधक यांच्यासाठी आहे. निवृत्त शिक्षक, पंच, पत्रकार आणि बागायतदार त्या कुंपणाबाहेरच राहतात.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. गोव्याएवढ्या लहान प्रदेशात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था, ताळगावच्या पठारावरील गोवा विद्यापीठ आणि बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय एवढ्या संस्था आहेत. खाजन (खाडीकाठची, बांध घालून राखलेली) शेती, खाणींची माती, मांडवी-झुवारीचे पाणी, मासळी, काजू यांवर जे लिहिले गेले आहे ते बहुतेक सारे इंग्रजीत आहे. शास्त्राची व्यवहारभाषा इंग्रजी असण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्यांच्या शेतातील माती नमुना म्हणून नेली, त्यांना त्या निबंधापर्यंत पोहोचण्याची वाटच नाही, कारण शोधसाधनाला जे दिसते ते शीर्षक, सारांश आणि सूचक शब्द, आणि त्यांत ‘खाजन’ रोमी लिपीत कधी तरी असतो, ‘मानशी’ (खाजनाच्या बांधातले पाण्याचे दार) आणि ‘ढेकण्या’ क्वचितच.

म्हणून माझी सूचना अशी की, गोव्याविषयीच्या, सार्वजनिक पैशांतून झालेल्या प्रत्येक संशोधनाला दीडशे-दोनशे शब्दांचा मराठी आणि कोकणी सारांश जोडावा, स्थानिक नावे सूचक शब्दांत देवनागरीत घालावीत आणि हे सारे संस्थेच्या स्वतःच्या ऑनलाइन भांडारात मूळ निबंधाशेजारीच ठेवावे. विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या ऑनलाइन भांडारात ठेवले जातातच, त्या वेळी हा आणखी एक रकाना भरायला संशोधकाला एक दुपार पुरेल. यंत्राने केलेले भाषांतर तेथे जसेच्या तसे चिकटवू नये. त्यात ‘टी मॉस्किटो’चा ‘चहाचा डास’ झालेला मी पाहिला आहे.

दुसरी सूचना पणजीतील पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयासंबंधी आहे. १८३२ साली स्थापन झालेल्या या ग्रंथालयात, आणि जमल्यास तालुका ग्रंथालयांतही, आठवड्यातून एक दिवस ‘संशोधन कसे शोधावे’ हे बसून दाखवणारा प्रशिक्षित ग्रंथपाल असावा. सत्तरीत २०१५ पासून गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडत आले आहेत. या तापाचा विषाणू १९५७ साली कर्नाटकातील क्यासानूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला आणि निबंधांत त्याचे नाव त्या जंगलावरूनच आहे, एवढे जरी कोणी सांगितले, तरी गोचिडीपासून बचाव कसा करावा हे शोधणाऱ्या मुलाला भलत्याच ‘मंकीपॉक्स’च्या मागे जावे लागणार नाही.

स्थानिक, इंग्रजी आणि शास्त्रीय नावे एकत्र असलेली एक वही मी गेली काही वर्षे करीत आहे. तिच्यात काजू, माड, सुपारी आणि भात यांवरील किडी व रोगांची साठेक नावे झाली आहेत. पेडणे आणि काणकोणकडची नावे मात्र माझ्याकडे फारच तुटपुंजी आहेत. एखाद्या संस्थेने वा ग्रंथालयाने हे काम हाती घेतल्यास वही विनामूल्य द्यायला मी तयार आहे, आणि त्या दोन तालुक्यांतील वाचकांनी आपल्याकडची नावे आपल्या दैनिकाच्या पत्त्यावर कळवली, तर ती पुढील पालवीच्या आत वहीत घालता येतील.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व काजू बागायतदार,
सत्तरी, गोवा