‘सगळं घर नको, एवढंच काम द्या’ म्हणणाऱ्या ताईंना खुलं आभारपत्र

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

लोकांची घरं आवरून, लावून देणं हा तुमचा व्यवसाय. तरीही पहिल्या भेटीत तुम्ही पूर्ण घराचं काम अंगावर घेतलं नाहीत. “यातलं निम्मं तुमचं तुम्हालाच करावं लागेल, त्याचे पैसे मला कशाला देता?” असं सांगून मोकळ्या झालात. त्याबद्दल हे आभार. पत्र खुलं ठेवलंय, कारण तुम्ही समजावलेला हिशोब आवरायला बसलेल्या कुणालाही कामी येईल.

‘स्वतः करावं की माणूस लावावा’ हा प्रश्न तुम्ही तसा घेतच नाही. आवराआवरीत चार वेगवेगळी कामं असतात, असं तुम्ही म्हणता: ठेवायचं की काढायचं ते ठरवणं, उचलणं-हलवणं, जागा मोजून मांडणी करणं आणि नको ते घराबाहेर पोचवणं. पहिलं काम पैसे देऊन करून घेता येत नाही. बाकीची तिन्ही घेता येतात. बहुतेक घरं अडलेली असतात पहिल्यापाशी आणि पैसे मोजतात तिसऱ्यासाठी. मग एकसारखे डबे येतात, सुबक लेबलं लागतात आणि थोड्याच महिन्यांत पसारा त्या डब्यांसकट पुन्हा उभा राहतो, कारण न ठरवलेल्या वस्तू फक्त झाकणाखाली गेलेल्या असतात.

कुठे अडतंय हे ओळखायची तुमची चाचणी फार सोपी आहे. एकच ड्रॉवर घ्यायचा, तोही मध्यम भरलेला. गजर ३० मिनिटांचा. वस्तू हातात घेतली की तीनांपैकी एका ढिगात टाकायची: राहणार, जाणार, ठरत नाही. वेळ संपली की ढीग मोजायचे. ‘ठरत नाही’ एकतृतीयांशाच्या वर गेलं, तर निर्णयाला सोबत हवी. ती सोबत जाणकार पण त्रयस्थ मैत्रिणीचीही चालते. ढिगांचा निकाल झटपट लागला पण ड्रॉवर पुन्हा नीट बसेना, तर मांडणीसाठी मदत घ्यावी. आणि दोन्ही जमलं, तर कुणालाही बोलवायची गरज नाही, वेळ तेवढा काढावा लागेल.

वेळेचा अंदाज मात्र सगळ्यांचाच चुकतो, आणि तो साध्या गुणाकाराने सुधारतो. कपाटात २०० कपडे असतील आणि एकेकाला ३० सेकंद लागले, तरी नुसतं ठरवायलाच १०० मिनिटं गेली. घड्या आणि परत लावणं वेगळंच. कागदांचं गणित तर भल्याभल्यांना घाम फोडतं. नेहमीच्या छपाईच्या ५०० कागदांचा गठ्ठा जेमतेम ५ सेंटिमीटर उंच असतो. म्हणजे ३० सेंटिमीटरच्या थप्पीत ३,००० कागद. एका कागदाला १० सेकंद धरले, तर सव्वाआठ तासांच्या वर. म्हणून कागदांपासून सुरुवात करायची नाही, हा तुमचा नियम आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. कागद घ्यायचेच झाले, तर आधी न वाचता जाडसर वाटणी करायची: घर, वाहन, बँक, आरोग्य, शिक्षण, पावत्या. वाचायला बसणं दुसऱ्या फेरीत. पहिल्याच फेरीत जुनं पत्र उघडलं की ती बैठक संपलीच म्हणायची.

सगळं घर एकदम बाहेर काढण्याची हौसही तुम्ही मोडून काढलीत. चित्रफितींत ते झोकात दिसतं, पण घरी संध्याकाळी पलंगावर डोंगर उरतो आणि तो ‘तात्पुरता’ दुसऱ्या खोलीत जातो. उपलब्ध वेळेत परत ठेवता येईल तेवढंच काढावं. चार तासांची बैठक असेल, तर शेवटची ४५ मिनिटं फक्त परत लावायला आणि ‘जाणार’ पिशव्या दाराबाहेर न्यायला राखून ठेवावीत. पिशवी घरात राहिली की तिच्यातल्या वस्तू एकेक करून परत येतात. देणगीच्या पिशवीला तारीख हवी, आणि ती कोण कधी नेणार हे पिशवी भरण्याआधीच ठरलेलं हवं.

आता मांडणीबद्दल, कारण तुमच्या विद्येचे पैसे खरे इथे वसूल होतात. डबे सर्वांत शेवटी घ्यायचे, हे हल्ली बरेच जण सांगतात. का, ते तुम्ही मोजपट्टी लावून दाखवलंत. प्लास्टिकचा डबा वर रुंद आणि तळाशी अरुंद असतो. त्याच्यावर छापलेलं माप बहुधा वरच्या काठाचं असतं, त्यामुळे आत मावेल असं वाटलेलं सामान तळाशी बसत नाही आणि दोन डब्यांच्या मध्ये पाचरीसारखी जागा वाया जाते. खणाचं माप आतून घ्यायचं आणि ते एका ठिकाणी घेऊन भागत नाही. पुढे, मध्ये आणि मागे अशी तीन मापं घ्यायची, कारण कपाटं क्वचितच काटकोनात असतात. त्यातलं सर्वांत लहान माप धरून त्यातून एक-दोन सेंटिमीटर सोडायचे. दाराची बिजागरी आत किती घुसते ते दार अर्धं उघडून बघायचं. खणात छान बसलेला डबा बिजागरीला अडून बाहेरच येत नाही, हे फार वेळा घडतं.

कपड्यांच्या कपाटाला तर मापांशिवाय हात लावू नये. मोठ्या माणसांच्या कपड्यांचा हँगर साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर रुंद असतो. वर खांद्याची आणि बाहीची फुगवट. म्हणून आतली खोली ५५ ते ६० सेंटिमीटर लागते. खोली कमी असेल, तर बाह्या दारात चिमटतात आणि दार हळूहळू वाकतं. अशा उथळ कपाटात आडव्या दांडीचा हट्ट सोडून, मागून पुढे सरकणारी आखूड दांडी लावावी. कपडे मग दाराकडे तोंड करून राहतात. शर्टाला दांडीखाली सुमारे १ मीटर उंची पुरते, पायघोळ कपड्यांना दीड मीटरच्या आसपास. त्यामुळे लांब कपडे थोडेच असतील, तर अख्ख्या कपाटात एकच उंच दांडी ठेवणं म्हणजे अर्धी हवा साठवणं. बाकीच्या भागात दोन दांड्या एकाखाली एक घ्याव्यात. घडीच्या कपड्यांसाठी फळ्यांत २५ ते ३० सेंटिमीटर अंतर पुरे. त्याहून उंच थप्पी खालचा एक कपडा ओढला की कोसळते, आणि मग दोष माणसाच्या आळसाला जातो, खरं तर तो फळीचा असतो. ६० सेंटिमीटर खोल फळीवर दोन रांगा करू नयेत. मागची रांग विसरली जाते. तिथे ओढून बाहेर येणारा लांब ट्रे लावावा.

एवढं सगळं स्वतः मोजायचा कंटाळा असेल, तर पूर्ण दिवसाचं काम देण्याऐवजी तासा-दोन तासांचा सल्ला आणि हाताने काढलेला आराखडा मागावा. तुम्ही तेच सुचवलंत. असा आराखडा घेऊन सुतारकाम वेगळ्या माणसाकडून आणि वस्तू लावायचं काम घरच्यांकडून होतं.

उचलण्याच्या कामाला मात्र हौस उपयोगाची नाही. एक मीटर लांबीची पुस्तकांची रांग सहज २५-३० किलोपर्यंत जाते. पुस्तकं मोठ्या खोक्यात भरली, तर तळ फाटतो किंवा कंबर धरते. म्हणून खोकं लहान घ्यावं, वजन १५ किलोच्या आत ठेवावं. भुशाच्या दाबीव लांब फळीला मधोमध टेकू नसेल, तर ती पुस्तकांनी झोळ धरते. झोळ दिसायला लागला की जड पुस्तकं खालच्या फळीवर घ्यावीत आणि मध्ये आधार द्यावा. माळ्यावरची खोकी एकट्याने उतरवू नयेत. एकाने वर राहायचं, दुसऱ्याने खाली हातात घ्यायचं, शिडीवरून खोकं घेऊन उतरायचं नाही. उंच कपाटं आणि ड्रॉवरचे उंच संच भिंतीला पट्टीने जखडावेत. सगळे ड्रॉवर एकाच वेळी बाहेर ओढले की वजन पुढे येऊन संच कलंडतो, आणि घरात लहान मूल असेल तर हे काम आवराआवरीच्याही आधी. भिंत पोकळ असेल, तर साधा खिळा-स्क्रू वजन धरत नाही, तिथे सुतारच बोलवावा.

साठवणीतल्या काही चुका तुम्ही जाता जाता सांगितल्यात. पिसं भरलेली पांघरुणं हवा शोषून काढलेल्या पिशवीत फार काळ दाबून ठेवली की त्यांचा फुगीरपणा जातो. चामड्याच्या वस्तू हवाबंद प्लास्टिकमध्ये ठेवल्या की बुरशी धरतात. छापील फोटो पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नयेत, पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची पाकिटं घ्यावीत. मोरीतले ब्लीच आणि आम्ल एका टोपलीत ठेवू नये, कारण दोन्ही सांडून मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो. जुन्या औषधांचं काय करायचं ते औषधविक्रेत्याला विचारावं. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये आणि कचऱ्यातही टाकू नये. जुना फोन देण्याआधी खात्यातून बाहेर पडून मग सगळं पुसावं. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्यावं.

माणूस लावायचा ठरलाच, तर करार करताना काय बघायचं, यावर तुमच्या तोंडून ऐकलेली एक गोष्ट आम्ही कुठल्याही जाहिरातीत वाचली नव्हती. दोन मदतनीस चार तास आले म्हणजे आठ तासांचं काम झालं, असं होत नाही. ठरवणारा एकच असेल, तर दुसरा मदतनीस हातात वस्तू धरून उत्तराची वाट बघत उभा राहतो, आणि त्या उभं राहण्याचेही पैसे लागतात. म्हणून ठरवण्याच्या टप्प्यात एकच माणूस बोलवावा. घड्या, लावणं, उचलणं सुरू झालं की दोन-तीन जण. तिथे खरोखर वेळ वाचतो.

त्याखेरीज आधीच विचारून घ्यावं: दर तासावर की कामावर, नको असलेलं सामान नेणं त्यात धरलंय का, डबे कोण आणणार आणि उरलेले परत होणार का, काही फुटलं तर भरपाई कशी, घराचे फोटो काढणार असतील तर परवानगी घेणार का. झाडलोट, कीड-वाळवीचा बंदोबस्त, सुतारकाम, वायरिंग ही कामं घर लावणारा करेलच असं गृहीत धरू नये. दागिने, रोख आणि मूळ कागदपत्रं कामाआधी स्वतः कुलपात ठेवावीत. संशयाची बाब नाही. काही सापडेनासं झालं तर दोन्ही बाजूंना ताप नको. आणि न विचारता काहीही टाकायचं नाही, पिशवीचं तोंड घरच्यांनी बघेपर्यंत बांधायचं नाही, हे कागदावर असावं. तुम्ही हे स्वतःहूनच लिहून दिलंत. जो माणूस “बघतो, काळजी करू नका” एवढंच म्हणतो, त्याच्यापेक्षा असा कागद देणारा माणूस आम्ही निवडू.

दुसऱ्या प्रौढ माणसाच्या वस्तूंबद्दल तुमची भूमिका कडक आहे, आणि ती पटते. जोडीदाराचं, आईवडिलांचं कपाट त्यांच्यामागे रिकामं करायचं नाही. घरात नुकताच मृत्यू झाला असेल आणि जागा सोडायची घाई नसेल, तर त्या वस्तू आवरणं थांबवावं.

आणि काही घरी स्वतः करणं आणि माणूस लावणं, या दोन्ही वाटा लागू पडत नाहीत. वस्तूची किंमत काहीही असो, टाकण्याच्या विचारानेच माणूस कासावीस होतो, आणि पलंग, शेगडी, दार वापरता येऊ नये इतका साठा होतो, तिथे तुम्ही काम घेत नाही. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत २०१३ पासून याला होर्डिंग डिसऑर्डर असं स्वतंत्र निदान आहे. अशा घरात जबरदस्तीने सामान उचललं, तर साठा पुन्हा भरतो आणि नातं तुटतं ते वेगळंच. आधी मानसोपचारतज्ज्ञ, मग त्यांच्या सल्ल्याने आवराआवर. हातातलं काम सोडून ही वाट दाखवणं सगळ्यांना जमत नाही, म्हणून त्याचेही वेगळे आभार.

तुमच्या सहकारी दादांनाही आमचा नमस्कार सांगा. प्रत्येक खोकं उचलण्याआधी ते एका कोपऱ्याने हलकेच कलतं करून वजनाचा अंदाज घेतात. ती सवय आता घरातल्या सगळ्यांना लागली आहे.

तुमचे आभारी,
एक कुटुंब

ता.क. : खरबरीत प्लास्टिकवर चिकट लेबलं टिकत नाहीत, ती कोपऱ्यातून सुटू लागली आहेत. डब्याच्या कडीला दोऱ्याने पुठ्ठ्याचे टॅग बांधल्यावर प्रश्न सुटला. शिवाय आतली वस्तू बदलली की टॅगही बदलता येतो. पुढच्या घरी थेट तेच लावा.