मेहुण्याला आधी विचार

मिरज,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुध्या,

काल रात्री तू फोन ठेवलास आणि मला झोप लागली नाही. तुझा असा आवाज मी याआधी एकदाच ऐकला होता, तुझे बाबा गेले तेव्हा. फोनवर मी तुला नुसतं 'पैसे भरू नकोस' एवढंच सांगितलं. तेवढ्याने तुझं समाधान झालं नाही, ते कळलं मला. म्हणून सकाळी चहा झाल्याबरोबर लिहायला बसलोय. हे सावकाश वाच. वहिनींनाही वाचायला दे, लपवू नकोस.

मेहुण्याने ऑनलाइन कर्ज घेतलंय आणि तू त्याला जामीन आहेस, असं सांगून तुला धमकावणाऱ्या त्या फोनबद्दल तू म्हणालास, "बारा हजारांचा प्रश्न आहे, भरून टाकतो, कटकट मिटेल." कटकट मिटत नाही, सुध्या. आमच्या घरात हे होऊन गेलंय. मी तुला सांगितलं नव्हतं, कारण अण्णांना ते कुणाला कळावंसं वाटत नव्हतं. काल रात्री मी त्यांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "सुधीरला सांग. सगळं सांग."

या वर्षी गणपतीला गावी गेलो होतो. आदल्या रात्री पोचलो, सकाळी आरास चालली होती. दुर्वा कुठे ठेवल्यात ते विचारायला स्वयंपाकघरात गेलो आणि नजर भिंतीवरच्या कालनिर्णयवर गेली. आई ऑगस्टच्या चौकटींमध्ये दुधाचा हिशेब लिहिते, १, १, दीड, १. त्याच्याखाली अण्णांच्या बारीक, तिरप्या अक्षरात दुसरंच काही लिहिलेलं होतं. १६ तारखेच्या चौकटीत '९.१०, ११.४०, ३.०५'. १७ ला पाच वेळा. १९ ला वेळांच्या पुढे '३८००'. २३ ला '५५००'. पानाच्या कडेला उभे लिहिलेले मोबाईल नंबर, एकाखाली एक, नऊ.

तुला माहीत आहे, अण्णा एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. प्रत्येक टप्प्याला वेबिल भरायची सवय त्या माणसाच्या हाडात मुरलीय. जे घडतं ते वेळेसकट लिहायचं. कुणाला दाखवायचं म्हणून ते लिहीत नव्हते, हात आपोआप लिहीत होता.

मी विचारलं, "अण्णा, हे काय आहे?" ते काही बोलले नाहीत. आई ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. मग अण्णा मला गोठ्याकडे घेऊन गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुझं किती राहिलंय अजून? एकदाच सांग. मी बघतो."

फोनवरच्या माणसाने त्यांना सांगितलं होतं की तुमच्या मुलाने ऑनलाइन कर्ज घेतलंय, हप्ते थकलेत, तुमचं नाव जामीनदार म्हणून दिलंय. आज पैसे आले नाहीत तर पोलीस घेऊन गावात येऊ, ग्रामपंचायतीवर मुलाचा फोटो लावू. अण्णांनी दोनदा पैसे भरले. स्वतःला फोनवरून पाठवता येत नाहीत म्हणून स्टँडजवळच्या रिचार्जवाल्या पोराला रोख दिले आणि त्याच्याकडून पाठवले. आणि सुध्या, अकरा दिवस त्यांनी मला एक फोन केला नाही. मी इथे सत्तर किलोमीटरवर होतो. रोज संध्याकाळी आईशी बोलत होतो, त्यांच्याशीही बोलत होतो, पावसाचं, गुडघ्याचं. मी विचारलं, "मला का नाही विचारलंत?" तर म्हणाले, "विचारलं असतं आणि खरं निघालं असतं तर? तुला माझ्यासमोर मान खाली घालावी लागली असती."

मी एक रुपयाचं ऑनलाइन कर्ज घेतलेलं नव्हतं. मोटारसायकलचं एक चालू आहे, त्याचा हप्ता बँकेतून आपोआप कापला जातो.

हे सगळं तुला एवढ्यासाठी सांगतोय की तू काल जे बोललास ते अक्षरशः तेच होतं. मेहुण्याने कर्ज घेतलंय, तू जामीन आहेस, हेडमास्तरांना कळवू. मी विचारलं, मेहुण्याशी बोललास का? तू म्हणालास, "कसं विचारू रे, आधीच त्याचं दुकान बसलंय, बायकोच्या माहेरचा मामला आहे." हीच ती जागा आहे. त्या माणसांना तुझ्या मेहुण्याचं काही माहीत नसतं. आपल्याकडची माणसं एकमेकांना पैशाचं विचारत नाहीत, एवढं मात्र त्यांना पक्कं माहीत असतं. मुलगा बापाला सांगत नाही, बाप मुलाला विचारत नाही, जावई सासुरवाडीत तोंड उघडत नाही. त्या संकोचाच्या भरवशावर त्यांची वसुली चालते.

त्यांना नंबर कुठून मिळाला, हे तू विचारत होतास. आमच्या बाबतीत ते एका शब्दावरून कळलं. अण्णा म्हणाले, तो माणूस पहिल्याच फोनला म्हणाला, "अण्णा घर बोल रहे हैं?" त्यांना वाटलं, हिंदीवाला आहे, काहीतरी उलटसुलट बोलतोय. पण माझ्या मोबाईलमध्ये त्यांचा नंबर 'अण्णा घर' या नावानेच सेव्ह आहे! दुसऱ्या कुणाच्याही फोनमध्ये तसा नसेल. दोनेक वर्षांपूर्वी 'तुम्हाला किती कर्ज मिळू शकतं ते पाहा' असं एक ॲप मी उघडून बघितलं होतं. कर्ज घेतलं नाही, चार दिवसांनी ते काढूनही टाकलं, पण काँटॅक्ट्सची परवानगी मी दिली होती. माझी सगळी यादी तेव्हाच तिकडे गेली असणार. गूगलने २०२३ पासून प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या ॲपना काँटॅक्ट्स आणि फोटो बघायला बंदी केलीय, पण लिंकवरून थेट टाकलेल्या ॲपला कोण विचारतो? २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या समितीनेच म्हटलं होतं की त्यांनी पाहिलेल्या अकराशेच्या आसपास कर्जाच्या ॲपपैकी सहाशे बेकायदेशीर होती. तुझ्या मेहुण्याने असं एखादं ॲप नुसतं उघडून बघितलं असेल तरी तुझा नंबर जाऊ शकतो. तुला त्यांनी कोणत्या नावाने हाक मारली, ते आठवून बघ.

आता कामाचं.

कुणाच्या फोनमध्ये तुझा नंबर आहे किंवा कुणी फॉर्मवर 'रेफरन्स' म्हणून तुझं नाव लिहिलं, एवढ्याने तू जामीनदार होत नाहीस. जामीन राहायला तुझी स्वतःची कबुली लागते. तू कशावर सही केलीस का, कुठला ओटीपी दिलास का? नाही ना? मग विषय संपला.

त्याचा फोन पुन्हा आला तर एकदाच शांतपणे विचार: कर्ज देणारी बँक किंवा फायनान्स कंपनी कोणती, कर्ज खातं क्रमांक काय, तुमची नेमणूक कुणी केली. रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की ऑनलाइन कर्जाची वसुली एजंटाकडे देताना त्या एजंटाचं नाव बँकेने कर्जदाराला आधी मेसेजने किंवा मेलने कळवायचं आणि मगच त्याने संपर्क करायचा. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही. धमकी द्यायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, कर्जदाराच्या नातेवाइकांना, मित्रांना, रेफरन्सवाल्यांना छळायचं नाही. हे ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय. तुला रात्री पावणेअकराला फोन आला. म्हणजे तो खरा वसुलीवाला असला तरी नियम मोडतोय.

पैसे कुठे मागतोय, तेही बघ. ऑनलाइन कर्जाची परतफेड थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यात जायला हवी, मधल्या तिसऱ्या माणसाच्या खात्यात नाही. अण्णांनी पाठवलेले ३८०० कुणाच्या नावावर गेले ते मी रिचार्जवाल्या पोराच्या फोनमध्ये बघितलं. 'जनरल स्टोअर्स' असं लिहिलं होतं! ५५०० गेले एका बाईच्या नावावर. तुला आलेला क्यूआर कोड स्कॅन करू नकोस, पण त्याच्याखाली नाव काय आहे ते वाच आणि मला पाठव.

आणि ते वॉरंट. तीन सिंह, लाल शिक्का, 'अरेस्ट' वगैरे लिहिलेली पीडीएफ. अण्णांनाही आली होती, आईने ती कागदावर छापून आणायला लावली होती, देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली होती. हप्ता थकला एवढ्यासाठी पोलीस कुणाला उचलत नाहीत, तो दिवाणी मामला असतो. चेक वटला नाही किंवा खोटी कागदपत्रं दिली तर गोष्ट वेगळी. आणि कुठलंही न्यायालय वसुलीवाल्याच्या व्हॉट्सॲपवरून वॉरंट धाडत नाही.

त्यापुढे त्याच्याशी वाद घालू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू चिडून बोलशील आणि तो तेच रेकॉर्ड करून फिरवेल. तू एकदा उत्तर दिलंस, बस. मेसेज, पीडीएफ, कॉलची यादी, काहीही डिलीट करू नकोस. राग आला तरी नाही. स्क्रीनशॉट काढून वहिनींच्या फोनवरही पाठवून ठेव.

तुझ्यावर खरंच कुणी कर्ज काढलंय का, ही शंका तुला खातेय ना? कुणाच्या नावावर किती कर्ज आहे याची नोंद ठेवणाऱ्या सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार संस्था आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. मी त्या दिवशी गणपती बसल्यावर दुपारी माझा अहवाल काढला आणि मोबाईल अण्णांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची दाराशी उजेडात घेतली आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. दहावीची माझी मार्कलिस्ट त्यांनी तशीच वाचली होती. मोटारसायकलच्या कर्जापाशी थांबले, "हप्ता चुकलेला नाही" म्हणाले, मग मोबाईल परत देऊन बाहेर गेले. बराच वेळ आत आले नाहीत. मीही गेलो नाही.

त्याच संध्याकाळी १९३० ला फोन लावला. सायबर फसवणुकीसाठीचा तो राष्ट्रीय नंबर आहे. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर पुढच्या खात्यात ते अडवून ठेवता येतात. आम्ही अकराव्या दिवशी कळवलं. दोन्ही रकमा केव्हाच पुढे गेल्या होत्या. त्या मिळाल्या नाहीत. पण सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर रीतसर तक्रार टाकली आणि तिची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. अण्णांनी कालनिर्णयचं पान फाडून सोबत घेतलं होतं. तिथल्या हवालदारांनी ते टेबलावर पसरलं, एकेक वेळ तपासली आणि म्हणाले, "एवढं नीट कुणी आणत नाही, बाबा." अण्णांचा चेहरा मी तेव्हा बघितला. अकरा दिवसांत पहिल्यांदा त्यांची मान सरळ झाली होती.

तू पैसे भरलेले नाहीस, म्हणजे तू आमच्यापेक्षा खूप बऱ्या जागी आहेस. तरी धमकीची तक्रार टाकच. पैसे उकळण्यासाठी धमकावणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणी आहे, धमकीसाठी कलम ३५१ आहे. ठाण्यात 'किरकोळ आहे, नंबर ब्लॉक करा' असं कुणी म्हणालं तर हे आकडे माहीत असलेले बरे. आणि दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' साइटवर संशयास्पद फोन कळवायची 'चक्षू' म्हणून सोय आहे, तिथे ते सगळे नंबर कळव.

समजा, मेहुण्याने खरंच कर्ज घेतलेलं निघालं. तरी तू त्या क्यूआरवर काही भरायचं नाही. ॲपमागे कोणती बँक आहे ते बघायचं. बँकांनी आणि फायनान्स कंपन्यांनी कळवलेल्या ॲपची यादी जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या साइटवर आहे. खरं कर्ज असेल तर त्या संस्थेशीच बोलून हप्ता बांधून घेता येतो. छळाची लेखी तक्रार आधी त्यांच्याकडे करायची, तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्यांचा नंबर १४४४८. हे सगळं मी त्याच्यासोबत बसून करून देईन.

हेडमास्तरांचं तू सगळ्यात जास्त मनाला लावून घेतलंयस. उद्या पहिल्या तासाआधी तूच त्यांच्या खोलीत जा आणि दोन वाक्यांत सांग. त्या माणसाकडे तुझ्याविरुद्ध एवढी एकच गोष्ट आहे, ती तू आधीच सांगून टाकलीस की त्याच्या हातात काय राहतं? आम्ही घरच्या आणि भावकीच्या ग्रुपवर असंच केलं. मी लिहिलं होतं: "माझ्या नावाने कर्जाचा फोन, मेसेज किंवा फोटो आला तर तो खोटा आहे. पैसे भरू नका, उत्तर देऊ नका, स्क्रीनशॉट मला पाठवा." अर्ध्या तासात तिघांचे फोन आले. चुलत बहिणीला दोन महिन्यांपूर्वी असाच फोन आला होता, तिने हजार रुपये भरले होते आणि नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. माझ्या नावासाठी भरले होते तिने.

वहिनींचा फोटो खराब करून पाठवू म्हणतोय, ते तू काल शेवटी अडखळत सांगितलंस. म्हणूनच त्यांना हे पत्र दे म्हणालो. तसं काही आलंच तर ते बनावट असणार हे त्यांना आधीच माहीत असू दे, आणि ते तुझ्या तोंडून कळू दे. तसला फोटो पाठवणं हा आणखी वेगळा गुन्हा आहे, त्याचीही तक्रार त्याच पोर्टलवर होते.

आमच्याकडे फोन लगेच थांबले नाहीत. तक्रारीनंतर आठवडाभर येत होते, मग दिवसाआड, मग दसऱ्याच्या आसपास बंद झाले. अण्णा उचलत नव्हते, पण लिहीत होते. तुझ्यासाठी त्यांचा निरोप आहे: वही कर, तारीख, वेळ, नंबर आणि तो काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिही.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने पंढरपूरला येतोय. कार्तिकीची गर्दी ओसरली असेल. मेहुण्यालाही बोलावून घे, जेवायला म्हणून.

पण शनिवारची वाट बघू नकोस. हे पत्र मी आत्ता फोटो काढून पाठवतोय. वाचून झालं की आधी त्याला फोन लाव. चौकशीच्या सुरात नको, 'अरे, मला असा फोन आलाय, तुलाही येतोय का' एवढंच विचार. त्याचं बोलणं झालं की मला लाव, कितीही वाजू देत.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विज्या