गिरणेची वाळू, आमची विहीर

महोदय,
मे महिन्यातही आमच्या विहिरीवर मोटर दोन तास चालायची. यंदा मार्चअखेरीसच फुटव्हॉल्व्ह (मोटरच्या पाइपाच्या तळाची झडप) उघडा पडला. कारण गिरणा नदीच्या पात्रात दिसते: वाळू खरवडून खाली पिवळी माती निघाली आहे. पुराचे पाणी धरून काठच्या विहिरींना पाझरवणारी गादीच गेली. पाच हेक्टरांहून लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बजावले. इथे डंपर रात्री दोनला निघतात आणि पंचनामा होतो भरदुपारी! (बैलगाडीवाला मात्र लगेच सापडतो.) साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने जंगल राखले, कारण तोडीचे नियम आणि दंड गावानेच ठरवले. आमच्याकडेही वाळूच्या लिलावाआधी ग्रामसभेसमोर पात्राची खोली मोजा.

— एक शेतकरी, ता. भडगाव, जि. जळगाव