सेव्हन फॉल्सच्या वाटेवर भेटलेल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉन-फिनिक्सकडच्या कुणा मराठी माणसाच्या नजरेस पडलं, तर ते तुमच्यापर्यंत पोचेल.

मार्चमधला रविवार होता. आम्ही दोघं, मुलं आणि साताऱ्याहून आलेली माझी आई, असे सबीनो कॅन्यनमधून सेव्हन फॉल्स धबधब्याला निघालो होतो. कॅटलिना डोंगरावरचं बर्फ वितळल्यामुळे बेअर क्रीकला चांगलं पाणी होतं आणि ही वाट तर तो ओढा सात वेळा ओलांडते. दुसऱ्यांदा ओढा ओलांडला आणि धाकट्याच्या पोटरीला चोया नावाच्या निवडुंगाचा काटेरी गोळा चिकटला. मी हात घालणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो ताई, हात लावू नका!" त्या वाळवंटात, सवारो कॅक्टसच्या रानात, स्वच्छ मराठी! तुम्ही खिशातून फणी काढलीत, गोळ्याखाली सरकवलीत आणि एका झटक्यात तो लांब उडवलात. उरलेले काटे चिमट्यानं काढलेत. चोयाच्या काट्याला बारीक उलटे दाते असतात, बोटानं ओढलं तर बोटंच अडकतात, हे मला तेव्हा कळलं.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे.

चौथ्या ठिकाणी पाणी गुडघ्याला लागलं आणि आई थबकली. "तुम्ही जाऊन या, मी बसते," म्हणाली. तिला एकटीला सोडवेना, मुलांना माघारी नेववेना. तुम्ही म्हणालात, "मी हा धबधबा पुष्कळदा पाहिलाय. बसतो ताईंजवळ." आणि खरंच दोन तास बसलात, सिकॅमोरच्या सावलीत.

आम्ही परतलो तेव्हा आई बोलत होती. अमेरिकेत आल्यापासून महिनाभर ती जेवणाखाणापुरतंच बोलायची. तुमचं गाव सोलापूरकडचं, तिचं माहेर माण तालुक्यातलं; दोघंही दुष्काळी भागातले. तिनं तुम्हाला ७२ सालचं सांगितलं म्हणे. रोजगाराच्या कामावर बारा वर्षांची ती आजीबरोबर खडी फोडायला जायची, तिथे सुकडी मिळायची. काका, मी तिची मुलगी, चाळिशी ओलांडली, तरी हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारलंत.

उतरताना तीच मुलांना शिकवत होती. सवारोला पहिली फांदी फुटायला पन्नास-पंचाहत्तर वर्षं लागतात. त्याच्या अंगावर निऱ्या असतात. पाऊस झाला की तो पाणी पिऊन फुगतो आणि निऱ्या सुटतात, पाणी संपलं की पुन्हा मिटतात. निऱ्या हा शब्द तिचा की तुमचा, ठाऊक नाही. फड्या निवडुंग दिसला तशी म्हणाली, "हा आपल्याकडचा नव्हे, इथूनच तिकडं आलाय. भाऊ सांगत होते." एका दुपारीत तिला तिथे भाऊ मिळाला होता.

आई मे महिन्यात परत गेली. दर रविवारी फोनवर आधी ओढ्याला पाणी आहे का विचारते, मग, "भाऊंची फणी दिलीस का?" तुमची फणी घाईत आमच्याच पिशवीत आली. ती धुऊन गाडीत ठेवली आहे. निरोप मिळाला की आणून देईन.

तुमची,
काटे टोचलेल्या मुलाची आई