सात रस्ता चौकातल्या ताई आणि रिक्षावाले काका, आभार

सोलापुरात टॉवेल कारखान्यातलं काम सुटून 4 महिने झाले. या दिवसांत सगळ्यात नकोसा प्रश्न म्हणजे “सध्या काय चाललंय?” परवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत मुलाखत होती. रणरणतं ऊन, त्यात सात रस्त्याजवळ गाडी पंक्चर. बायोडाटा घामानं भिजून शाई पसरलेली. झेरॉक्सच्या दुकानातल्या ताईंनी मोबाइलवरून नवी प्रिंट काढून दिली, वर प्लॅस्टिकची फाइलही. पाकीट काढलं तर म्हणाल्या, “नोकरी लागल्यावर द्या की!” रिक्षावाल्या काकांनी थेट गेटवर सोडलं, पैशाचं नावही काढलं नाही. घरच्यांशिवाय इतकं आपुलकीनं कितीतरी दिवसांत कुणी बोललं नव्हतं. निकाल अजून यायचाय. गडबडीत तुमची नावं विचारायची राहिली. तुम्हा दोघांचे मनापासून आभार. पैसे द्यायला मी येणार आहे.