स्टोमा झाल्यावर घरी जेवायचे कसे?

महोदय,

माझ्या वडिलांच्या पोटावर स्टोमा (मल बाहेर लावलेल्या पिशवीत जमा व्हावा म्हणून आतड्याला पोटावर काढून दिलेले तोंड) करण्यात आला, तेव्हा घरी सोडताना जखमेबद्दल सविस्तर सांगितले गेले, मात्र खाण्यापिण्याचे दोन वाक्यांत उरकले गेले. पहिले ६ ते ८ आठवडे कमी चोथ्याचे अन्न थोडे थोडे आणि बारीक चावून खावे लागते. मका, मशरूम किंवा सुक्या मेव्याचे न चावलेले तुकडे इलिओस्टोमीत, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून काढलेल्या स्टोमात, अडकू शकतात. इलिओस्टोमीत अन्न मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतच नसल्याने पाण्याबरोबर मीठही वाहून जाते, म्हणून पिशवीत पातळ स्राव वाढला असता नुसते पाणी पीत राहण्यापेक्षा डॉक्टरांना विचारून ओआरएस घेणे हिताचे असते. आम्हाला हे कळेपर्यंत वडिलांना उठताना चक्कर येऊ लागली होती.

पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. सुरुवातीला स्टोमा आक्रसत जातो, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा मोजून, पिशवी त्वचेला चिकटवणाऱ्या चकतीचे भोक त्याहून जेमतेम २-३ मिलिमीटर मोठे कापावे, नाहीतर भोवतालची त्वचा सोलवटते. पहिल्यांदा स्वतः चकती लावल्यावर, ती उबेने घट्ट बसावी म्हणून वडील कितीतरी वेळ तिच्यावर तळहात ठेवून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण त्या दिवशी प्रथमच सैलावला. रुग्णालयांनी हे सारे घरी सोडण्यापूर्वीच रुग्णाकडून, घरच्यांसमोर, निदान दोनदा करवून घ्यावे, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक